मापाचा फोन

पेढीच्या गल्ल्यावर ठेवलेला तळहाताएवढा डबा दिवसभर बोलत असतो. 'तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले.' मालकाचे लक्ष तराजूकडे असते, नोकर पोते शिवत असतो, ग्राहक पायरी उतरून रस्त्यावर पोचलेला असतो. तरी पैसे आले की नाही हे पाहण्यासाठी कोणालाही मोबाईलच्या पडद्यात डोकवावे लागत नाही. डोळे दुसऱ्या कामात गुंतलेल्या माणसाला कानाने हिशेब कळावा, एवढाच या साउंडबॉक्सचा हेतू. तो बाजारात आला तेव्हा कोणी त्याला अपंगांचे साधन म्हटले नाही. परंतु ज्या तत्त्वावर हा डबा चालतो त्याच तत्त्वावर दृष्टी गमावलेला माणूस आज संपूर्ण मोबाईल चालवू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट त्या पेढीच्या मागच्या घरात पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते.

सांगलीच्या बाजारातील हळदीच्या एका आडत दुकानात असेच घडले. दुकानाचे मालक घरात आणि बाजारात सर्वांचेच आप्पा, वय बासष्ट. वीस वर्षांच्या मधुमेहाने दृष्टिपटलाची हानी झाली. लेसरचे उपचार झाले, डोळ्यांत इंजेक्शने झाली, आणि अखेरीस उजेड, अंधार व समोरच्या माणसाची धूसर आकृती एवढेच उरले. हळकुंड मोडताना होणाऱ्या खणखणीत आवाजावरून माल किती वाळला आहे हे ते आजही सांगतात. पण पावती वाचता येत नाही. मुलाने पाडव्याला दुकानातील सर्वांत महाग फोन आणून त्यांच्या हातात ठेवला. पातळ, गुळगुळीत, कडा दोन्ही बाजूंना वळलेल्या, बोटाचा ठसा घेण्याची जागा काचेच्या आत कुठेतरी. तीन आठवड्यांत तो फोन कपाटात गेला.

त्यानंतर घराने आपली एक रीत बसवली. बँकेचा संदेश आला की नातू वाचून दाखवी. ओटीपी तोच टाकी. संध्याकाळी मुलगा दिवसाची जमा सांगे. कोणी फसवत नव्हते, रुपयाचाही फरक पडत नव्हता. तरीही चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला आपल्याच खात्यात किती शिल्लक आहे हे दुसऱ्याला विचारावे लागत होते, आणि विचारताना तो हळूहळू चाचरू लागला होता. आणखी एक गोष्ट होती. आप्पा दरमहा एका घरी काही रक्कम पोचवीत असत. कोणाच्या, ते त्यांनी घरात कधी सांगितले नव्हते. डाव्या हातालाही कळू नये अशा रीतीने द्यायचे दान नातवाच्या तोंडून ओटीपी ऐकून कसे देणार? दोन वर्षे ते दिले गेले नाही.

शेवटी एके दिवशी आप्पांनी आपले खाते आपण चालवणार असे सांगितले, तेव्हा मुलगा दुखावला. "आप्पा, आमच्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे म्हणूनच दोन वर्षे विचारत राहिलो," आप्पा म्हणाले.

एकत्र कुटुंबात अपंग व्यक्तीची कामे प्रेमाने केली जातात, आणि प्रश्नाचे मूळही तिथेच असते. जे प्रेमाने काढून घेतले जाते ते परत मागणे कठीण जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंग होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. या २१ प्रकारांकडे नुसते पाहिले तरी एक गोष्ट ध्यानात येते: 'दिव्यांगांसाठी चांगला फोन कोणता' या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. कर्णबधिर मुलीला जो फोन वरदान आहे तो कंपवाताच्या रुग्णाला निरुपयोगी ठरतो. दिव्यांग म्हणावे की अपंग यावर वाद चालू आहे. फोनच्या निवडीला त्या वादाचे काही देणेघेणे नाही. तिला एवढेच कळले पाहिजे की कोणते इंद्रिय साथ देते, कोणते देत नाही, आणि माणसाला कोणते काम स्वतः करायचे आहे.

जयपूर फूट हे नाव जैन घरांना नवे नाही. १९७५ साली जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन करणारे डी. आर. मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि सेबीचे अध्यक्षही झाले. कृत्रिम पाय बसवण्याच्या शिबिराला देणगी देणारी, तिथे स्वयंसेवक म्हणून उभी राहणारी कुटुंबे समाजात पुष्कळ आहेत. त्यांनी पाहिलेले असते की पाय देण्याआधी उरलेल्या अवयवाचे माप घेतात, साचा काढतात, चालवून बघतात, टोचले तर पुन्हा घासतात. माणूस समोर नसताना त्याच्यासाठी पाय कोणी बनवत नाही. त्याच घरात मोबाईल मात्र ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला घरी बसवून आणला जातो, आणि माप म्हणून पाहिली जाते ती फक्त किंमत.

किंमत दोन्ही बाजूंनी फसवते. आप्पांच्या मुलाने महागडा फोन आणला. दुसऱ्या टोकाला काटकसर असते: घरात नवा फोन आला की जुना आत्याला किंवा घरी बसणाऱ्या भावाला मिळतो. जुन्या फोनला नवी अद्यतने मिळणे बंद झालेले असते, बँकेची ॲप्स काही काळाने त्यावर चालेनाशी होतात, बॅटरी दुपारीच मान टाकते. धडधाकट माणूस चार्जर शोधून वेळ निभावून नेतो. ज्याचा फोन हाच डोळा किंवा कान आहे, त्याचे दुपारनंतर सारेच बंद पडते. उरलासुरला फोन चालवून घेण्यासाठी सर्वांत जास्त तडजोड करू शकणारा माणूस घरातला सर्वांत सशक्त माणूस असतो. जुना फोन द्यायचाच असेल तर त्याला द्यावा.

दृष्टीचा विचार आधी करावा, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. पहिला प्रश्न, काही दिसते का? थोडेबहुत दिसत असेल तर पडदा मोठा, उजळ आणि काळ्या-पांढऱ्यातला भेद ठळक दाखवणारा हवा. अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करून काळ्यावर पांढरे वाचणे, पडद्याचा एखादा भाग भिंगासारखा मोठा करून पाहणे, या सोयी आज साध्या स्मार्टफोनमध्येही असतात. मात्र अक्षरे कमाल मोठी केली की काही ॲप्समध्ये 'पुढे' हे बटणच पडद्याबाहेर ढकलले जाते. म्हणून अक्षर मोठे करून रोजची दोन-तीन ॲप्स उघडून पाहिल्याशिवाय फोन घेऊ नये.

दिसत नसेल, किंवा दिसणे दिवसेंदिवस कमी होत असेल, तर बोलणारा पडदा शिकावा. आयफोनमध्ये त्याला 'व्हॉइसओव्हर' म्हणतात, अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक'. दोन्ही २००९ पासून आहेत. वेगळे पैसे पडत नाहीत, फोनमध्येच असतात. बोट काचेवर फिरवले की बोटाखाली जे असेल ते फोन उच्चारतो. एक स्पर्श म्हणजे 'हे काय आहे', लागोपाठ दोन टिचक्या म्हणजे 'हे उघड'. बोट उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवले की मागची. डोळसाला हे उलटे वाटते, कारण त्याला एका टिचकीची सवय असते. आप्पांच्या मुलाने पहिल्याच दिवशी टॉकबॅक सुरू केला होता. पण टिचकी मारून काही उघडेना, पडदा सरकेना, तेव्हा फोन बिघडला असे समजून त्याने तो बंद करून टाकला. मोबाईलच्या दुकानांतही पुष्कळदा हेच घडते. विक्रेता जे स्वतः चालवू शकत नाही ते अंध ग्राहकालाही चालवता येणार नाही, असे तो गृहीत धरतो.

साठीनंतर मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांना अनेकदा कोणी ब्रेल शिकण्याचा सल्ला देते. सल्ला चांगल्या मनाचा असतो. पण त्याच मधुमेहाने बोटांच्या टोकांची संवेदना बधिर झालेली असेल तर सहा ठिपक्यांतला भेद जाणवतच नाही. अशा माणसाला कानाचाच आधार. म्हणून आवाजाची पारख हा खरेदीतला मोठा भाग ठरतो. मराठी आवाज अँड्रॉइडवर उतरवून घेता येतो. दुकानातच बँकेचा एखादा जुना संदेश उघडून फोनला वाचायला लावावा. रक्कम 'बारा हजार पाचशे' अशी वाचतो की 'एक दोन पाच शून्य शून्य' अशी, तारीख कशी उच्चारतो, मधेच आलेला इंग्रजी शब्द समजतो का, हे दोन मिनिटांत कळते. काहींना मराठी आवाजापेक्षा हिंदी किंवा इंग्रजी आवाज सोयीचा वाटतो, कारण ॲपमधल्या बटणांची नावे इंग्रजीत असतात. तेही ज्याच्या कानाला ऐकायचे आहे त्यानेच ठरवावे.

बोलणारा पडदा फोनच्या स्मृतीवर भार टाकतो. दोन-तीन जीबी रॅमच्या स्वस्त फोनमध्ये बोट लावल्यावर आवाज यायला क्षणभर उशीर होतो. डोळसाला तो क्षण जाणवणार नाही. पण अंध माणूस तोवर बोट पुढे नेतो आणि कानावर येते ते मागच्या जागेचे नाव. दोन दिवसांत तो कंटाळतो, आणि घरचे म्हणतात, यांना जमत नाही. सहा-आठ जीबीचा मध्यम किमतीचा फोन यासाठी पुरतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची व्यवस्था इतकी कडक असते की पार्श्वभूमीत चालणारा टॉकबॅकच ती बंद करते. तसे होत असेल तर सेटिंगमध्ये त्याला सूट द्यावी लागते. आणि आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र तीन सेकंद दाबून टॉकबॅक सुरू-बंद करण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी, म्हणजे घरातल्या लहान मुलांनी तो चुकून बंद केला तरी दुरुस्तीसाठी डोळस माणसाची वाट पाहावी लागत नाही.

हाताला काय लागते तेही पाहावे. ठसा घेण्याची जागा काचेखाली असेल तर ती चाचपडून सापडत नाही. बाजूच्या कळीवर असेल तर अंगठा आपोआप तिथे जातो. वळलेल्या कडांवर बोट चुकून टेकते आणि नको ते उघडते. इअरफोनचे गोल छिद्र असलेले फोन आता कमी होत चालले आहेत. मिळाला तर तो घ्यावा, कारण पेढीवर बसून खात्यातली शिल्लक मोठ्याने ऐकता येत नाही. यावर आणखी एक सोय आहे: आयफोनवर तीन बोटांनी तीन टिचक्या मारल्या की पडदा पूर्ण काळा होतो, पण फोन चालूच राहतो. टॉकबॅकमध्येही पडदा लपवण्याची अशीच सोय आहे. शेजारी बसलेल्याला वाटते फोन बंद आहे. कानात मात्र सारा हिशेब चालू असतो. अशी गोपनीयता तर डोळस व्यापाऱ्यालाही मिळत नाही.

कॅमेरा हे छायाचित्रांचे साधन समजले जाते. अंध माणसाला तो पावती, औषधाची पट्टी, पत्रिका वाचण्याचे साधन आहे. दुकानाच्या मंद दिव्यात जो कॅमेरा अक्षरे स्पष्ट पकडत नाही त्यावर वाचणारे ॲप अडखळते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेचे मूल्य ते बोलून सांगते, तेही इंटरनेटशिवाय. नव्या नोटांच्या कडेला उंचावलेल्या रेषा असतात, पाचशेच्या नोटेवर पाच. पण बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत, तिथे हे ॲप उपयोगी पडते. मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याने हा फरक पक्का ध्यानात ठेवावा.

ऐकू न येणाऱ्यांची खरेदी वेगळ्या दिशेने जाते. श्रवणयंत्र वापरणाऱ्याने ते कानात घालूनच दुकानात जावे आणि प्रत्यक्ष फोन लावून बोलून पाहावे. काही फोन यंत्राजवळ नेले की घूं घूं असा आवाज येतो. नवी श्रवणयंत्रे ब्लूटूथने थेट फोनला जोडता येतात, पण प्रत्येक यंत्र प्रत्येक फोनला जोडले जाते असे नाही. आयफोनला जोडले जाणारे यंत्र सर्व अँड्रॉइड फोनना जोडले जाईलच याची खात्री नसते. यंत्राची किंमत फोनपेक्षा कितीतरी जास्त असते, तेव्हा यंत्र आधीच घेतलेले असेल तर त्याला चालणारा फोन शोधणे हाच शहाणपणाचा व्यवहार. श्रवणतज्ज्ञाकडून चालणाऱ्या फोनची यादी मागून घ्यावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या विषयाचे जाणकार भेटतात.

२०१९ साली गुगलने समोरच्याचे बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटवणारे 'लाईव्ह ट्रान्सक्राइब' आणले. मराठीही त्यात आहे. घरात, दवाखान्यात, शांत दुकानात ते चांगले काम देते. हळदीचे सौदे चालू असताना, दहा जण एकाच वेळी बोलत असताना, ते गोंधळते; तिथे अजून खूण आणि कागदच कामाला येतात. संकेतभाषा वापरणाऱ्यांना व्हिडिओ कॉल हाच फोन. पुढचा कॅमेरा चांगला हवा, आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोन उभा करायचे स्टँड हवे. ही वस्तू दीडशे-दोनशे रुपयांची असली तरी फोनसोबत कोणाला आठवत नाही. बँकेच्या बाबतीत कर्णबधिरांची एक अडचण कायमची आहे: एखादा व्यवहार अडला की बँक खातरजमेसाठी फोन करते. ज्याला फोनवर ऐकू येत नाही त्याने शाखेत लेखी अर्ज देऊन संपर्क संदेशाने किंवा ई-मेलने व्हावा असे नोंदवून ठेवावे.

हातांच्या अडचणी नुसत्या बघून कळत नाहीत. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या माणसाला दोनशे ग्रॅमचा रुंद फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चालवणे अशक्य होते; लहान, हलका, मागे पट्टा लावलेला फोन किंवा टेबलावरचे स्टँड हा त्यावरचा मार्ग. कंपवातात बोट एकाच जागी तीनदा पडते आणि एका अंकाऐवजी तीन उमटतात. लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करण्याची, किंवा बोट ठराविक वेळ टेकल्याशिवाय स्पर्श न मोजण्याची सोय अनेक फोनमध्ये असते, पण ती सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या घरात दडलेली असते. मराठी बोलून मजकूर टाइप करता येतो, तो हात वाचवतो. आणि ज्यांच्या बोटांचे ठसे वयाने किंवा कामाने झिजले आहेत त्यांची ठशाच्या यंत्राशी होणारी भांडणे आधारच्या वेळीच सर्वांनी पाहिली आहेत; त्यांनी अंकांचे कुलूप ठेवावे.

स्मार्टफोनच घ्यावा असा हट्टही नको. कळफलकाच्या साध्या फोनवर पाचच्या कळीवर एक उंच ठिपका असतो. त्याच्या आधाराने उरलेले नऊ अंक न पाहता सापडतात, हे जुने शहाणपण अजून जिवंत आहे. मार्च २०२२ पासून 'यूपीआय १२३पे'मुळे अशा फोनवरूनही पैसे पाठवता येतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी, किंवा विसराळूपण वाढलेल्या आजीसाठी, चार माणसांचे क्रमांक जतन केलेला असा फोन पुष्कळदा योग्य ठरतो. संकटकाळी ११२ ला हाक देण्याची कळ सर्वच नव्या फोनमध्ये असावी असा नियम आहे: साध्या फोनवर पाच किंवा नऊची कळ दाबून धरायची, स्मार्टफोनवर चालू-बंदची कळ तीनदा दाबायची. घरी नेल्यावर ती कशी दाबायची हे शिकवावे, कधी दाबायची हे त्याहून सावकाश शिकवावे.

पैशाचा व्यवहार स्वतः सांभाळणे ज्याला खरोखर झेपत नाही, त्याच्यासाठी २०२४ मध्ये 'यूपीआय सर्कल' आले. घरातल्या एकाच्या खात्यातून दुसऱ्याला आपल्या फोनवरून खर्च करता येतो. पूर्ण मुभा दिली तरी एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा असते, नाहीतर प्रत्येक खर्चाला मुख्य खातेदाराची संमती लागते. आप्पांच्या मुलाने हाच पर्याय सुचवला होता. व्यवस्था उत्तम आहे, पण ती आप्पांच्या मापाची नव्हती. ज्याला दिसत नाही त्याला हिशेब कळत नाही, हा निष्कर्ष कोठून निघाला?

हा निष्कर्ष घरापुरता असता तर बरे होते. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक देण्यास, लॉकर देण्यास शाखा कचरत असत. अखेर रिझर्व्ह बँकेला २००८ साली बँकांना स्पष्ट सांगावे लागले की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर या सर्व सुविधा त्यांना भेदभाव न करता द्याव्यात. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रकरण होते ऑनलाइन केवायसीचे: कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा-उघडा असे सांगणारी यंत्रणा आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीने कशी पार करायची? आदेश निघाला; प्रत्येक ॲपमध्ये तो उतरायला वेळ लागेल.

म्हणून फोन घेण्याआधी आपल्या बँकेचे ॲप तपासणे भाग आहे, आणि तेही टॉकबॅक चालू ठेवून. काही ॲप्सचा अंकफलक प्रत्येक वेळी अंकांची जागा बदलतो आणि ते अंक बोलूनही दाखवत नाही. काही ठिकाणी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे वाचून टाइप करायची असतात. दुसऱ्याचा फोन दुरून चालवणारे भामटे अपंगांसाठीच्या याच सोयींचा गैरवापर करतात, त्यामुळे काही ॲप्स अशी सेवा चालू दिसली की उघडायलाच नकार देतात. अशा वेळी फोन बदलून काही होत नाही. दुसऱ्या बँकेचे ॲप चालत असेल तर तिथे खाते उघडावे, आणि पहिल्या बँकेला लेखी तक्रार द्यावी. तोंडी सांगितलेले फाईलला लागत नाही.

कराचा मुद्दा व्यापारी घरात निघतोच. आयकराच्या जुन्या करप्रणालीत अपंगत्वासाठी ७५,००० आणि तीव्र अपंगत्वासाठी १,२५,००० रुपयांची ठरलेली वजावट आहे. तिला प्रमाणपत्र लागते. फोनचे बिल जोडावे लागत नाही, आणि बिल मोठे असल्याने वजावट वाढतही नाही.

आप्पा दुसऱ्यांदा फोन घ्यायला स्वतः गेले. मुलगा बरोबर होता, पण काउंटरपासून दोन पावले मागे उभा राहिला. असे आधीच ठरले होते. आप्पांनी तीन फोन हातात घेतले, कडा चाचपल्या, बाजूची कळ अंगठ्याने शोधली. प्रत्येकावर टॉकबॅक सुरू करायला सांगितले. विक्रेत्याला ते येत नव्हते, तेव्हा आप्पांनीच त्याला शिकवले, कारण पुण्यातल्या अंधांच्या संस्थेत शिकून आलेल्या एका तरुणाकडून त्यांनी महिनाभर धडे घेतले होते. पाऊण तास लागला. पाडव्याच्या फोनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या किमतीत त्यांनी मधला फोन निवडला. महागडा फोन नातवाकडे गेला. त्याला तो फार आवडतो.

पहिले दोन आठवडे त्रासाचे गेले. एकदा भलत्याच आडत्याला फोन लागला, एकदा पिन तीनदा चुकून व्यवहार दिवसभर बंद झाला. आवाजाचा वेग त्यांनी आधी अगदी कमी ठेवला होता. आता तो इतका वाढवला आहे की शेजारच्याला ते मराठी आहे हेही कळत नाही. रात्री दुकान वाढवल्यावर मुलगा रोजमेळ मांडतो, आणि आप्पा कानात इअरफोन घालून बँकेचे उतारे ऐकतात. परवा बाराशे रुपयांची एक जमा दोनदा लिहिली गेली होती. ती आप्पांनी काढली. मुलाने मुकाट्याने खोडली, आणि तेव्हापासून दिवसाची जमा तो सांगत नाही, विचारतो.

महिन्याच्या पाच तारखेला आप्पा गादीवर पाठ टेकून बसतात, पडदा काळा करतात आणि चार-पाच मिनिटे बोट काचेवर फिरवत राहतात. पैसे कोणाच्या घरी जातात हे मुलाला आजही ठाऊक नाही. त्याने एकदा विचारले होते. आप्पांनी कानातला इअरफोन काढला नाही.